बोट ओढणारा ट्रक : खेचण्याआधी पेलण्याचा हिशेब

अमेरिकेत हौशी बोटींची संख्या फार मोठी असून एकट्या फ्लोरिडा राज्यात नोंदणी झालेल्या बोटी दहा लाखांच्या घरात आहेत, आणि देशातल्या असंख्य बोटी बंदरात बांधलेल्या नसून घराच्या आवारात ट्रेलरवर उभ्या असतात. सुट्टीच्या दिवशी ट्रेलर पिकअप ट्रकमागे जोडायचा, दूरच्या तळ्यावर किंवा समुद्रकाठी जायचे, उतरत्या धक्क्यावरून म्हणजे रॅम्पवरून बोट पाण्यात सोडायची आणि संध्याकाळी पुन्हा ओढून घरी आणायची, हा तेथील कितीतरी कुटुंबांचा परिपाठ आहे. महाराष्ट्रात पिकअप म्हटले की भाजीपाला किंवा सिमेंटची पोती वाहणारे छोटे मालवाहू वाहन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतला पिकअप मात्र पाच-सहा माणसे आरामात बसतील अशा केबिनचा, मागे उघडा हौदा असलेला आणि भक्कम पोलादी चौकटीवर बांधलेला असून स्वतःच अडीच-तीन टन वजनाचा असतो.

टन-दीड टनाची बोट असेल तर यांपैकी बहुतेक कोणताही ट्रक ती बिनतक्रार नेतो. बोट, इंजिने, इंधन आणि ट्रेलर मिळून वजन साडेतीन-चार टनांच्या पुढे गेले की मात्र हिशेब बदलतो. ट्रक घेणारा सहसा पहिला प्रश्न विचारतो तो गाडी किती ओढते हा, आणि विक्रेताही त्याच आकड्यावर भर देतो. वास्तविक आजच्या इंजिनांच्या दृष्टीने ओढणे हे सर्वांत सोपे काम आहे. ओझ्याचा जो हिस्सा ट्रकच्या अंगावर येतो तो चौकटीला, स्प्रिंगांना आणि टायरांना पेलवतो का, आणि घाट उतरताना तेच ओझे ट्रकला पुढे ढकलू लागले की ते रोखता येते का, हे प्रश्न अधिक निर्णायक असतात आणि त्यांची उत्तरे जाहिरातीत सापडत नाहीत.

ओढ-क्षमता, म्हणजे ट्रकने ओढावयाच्या ट्रेलरचे कमाल वजन, हा आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवीत असे आणि स्पर्धेपायी तो फुगत जाई. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ साली ‘जे २८०७’ हे मानक प्रसिद्ध करून या आकड्यामागे समान चाचण्यांचा आधार आणला. टोयोटाने आपल्या टुंड्रा ट्रकसाठी ते सर्वांआधी स्वीकारले आणि फोर्ड, जनरल मोटर्स व रॅम यांना त्या वाटेवर येण्यास २०१५ च्या आसपासचा काळ उजाडला. या मानकानुसार ट्रकला ट्रेलरसह थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरचा वेग ३० सेकंदांत गाठावा लागतो, आणि १२ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात बारा मीटर उंची वाढते अशा जागी, पाच मिनिटांच्या आत पाच वेळा पुढे व पाच वेळा मागे निघून दाखवावे लागते.

सर्वांत कठीण परीक्षा ॲरिझोना राज्यातल्या एका घाटाची आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाच्या परिसरातून, बुलहेड सिटीलगत, राज्यमार्ग ६८ वाळवंटातून वर चढतो आणि ११.४ मैलांत, म्हणजे सुमारे १८ किलोमीटरांत, जवळजवळ ९०० मीटर उंची गाठतो. तापमान निदान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस, वातानुकूलन पूर्ण जोरात चालू, आणि तरीही वेग ताशी ४० मैलांखाली येता कामा नये, अशी अट आहे. मागच्या आसावर चार चाके असलेल्या ट्रकांना ती ३५ मैलांपर्यंत शिथिल केली आहे. हा घाट बोटवाल्यांनाही परका नाही, कारण याच धरणामागे मोहावी तलाव पसरलेला आहे आणि नदीच्या खालच्या अंगाला हवासू तलाव आहे. ट्रक आणि बोट मिळून ८,००० किलोंची जोडी ९०० मीटर वर चढवण्यासाठी विजेच्या मापात सुमारे २० युनिट ऊर्जा लागते, आणि ताशी ४० मैलांनी हा चढ १७ मिनिटांत संपत असल्यामुळे नुसती उंची गाठण्यापायी सुमारे ९० अश्वशक्ती अखंड खर्ची पडते. हवेचा आणि टायरांचा विरोध त्याहून वेगळा. तीनशे-चारशे अश्वशक्तीच्या इंजिनाला ही मागणी झेपते. कस लागतो तो थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा, कारण इंधनातल्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि रेडिएटर व गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर अपुरा असला तर चढाच्या मध्यावरच गाडी तापते. म्हणून मोठा रेडिएटर, तेलाचा कूलर आणि हिचची, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या ट्रकमागच्या सांध्याची, जोडणी यांचा समावेश असलेले ‘टोइंग पॅकेज’ कारखान्यातूनच बसवलेले असावे. नंतर बाहेरून नुसता हिच लावून घेतल्याने ही क्षमता येत नाही.

आता ज्या आकड्याकडे सर्वांत आधी पाहायला हवे आणि जो सर्वांत शेवटी पाहिला जातो, त्याकडे वळता येईल. ट्रकच्या चालकाकडचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे एक स्टिकर दिसते, आणि माणसे व सामान मिळून अमुक किलोंपेक्षा किंवा पौंडांपेक्षा अधिक वजन होऊ देऊ नये, असे त्यावर छापलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. हा आकडा त्या मॉडेलचा नसून त्या एका विशिष्ट गाडीचा असतो. सरकते छप्पर, मोटारीवर चालणारी आसने, मोठी चाके, चारही चाकांना मिळणारी चालना, अशा प्रत्येक सोयीचे वजन त्यातून वजा झालेले असते, आणि त्यामुळे गाडी जितकी आलिशान तितका तिचा पेलोड कमी, असा अनुभव येतो. ट्रेलरचा जो भार हिचवर उभा येतो तो याच आकड्यात मोजावा लागतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण मांडून पाहावे. सव्वीस फुटांची, मध्यभागी सुकाणू असलेली, समुद्रात मासेमारीसाठी वापरली जाणारी फायबरची बोट घेतली तर तिच्या नुसत्या सांगाड्याचे वजन २,३०० किलो धरता येते. मागे टांगलेली दोन इंजिने प्रत्येकी २७० किलोंची, म्हणजे ५४०. टाकीत ६०० लिटर पेट्रोल असेल तर लिटरला पाऊण किलोपेक्षा किंचित कमी या हिशेबाने सुमारे ४४५. बॅटऱ्या, नांगर व साखळी, पिण्याचे पाणी, बर्फ आणि गळ-दोऱ्यांचे सामान मिळून २५०. ॲल्युमिनियमचा ट्रेलर ८००. एकूण ४,३३५ किलो. माहितीपत्रकात बहुधा पहिलाच आकडा ठळक छापलेला असतो आणि कित्येकदा त्यात इंजिनेही धरलेली नसतात, त्यामुळे ‘सव्वादोन टनांची बोट’ प्रत्यक्षात रस्त्यावर सव्वाचार टनांची होऊन उभी राहते.

ही बोट ५,००० किलो ओढ-क्षमतेच्या एका हलक्या ट्रकमागे जोडली, तर कागदावर ६६५ किलोंची ऐस उरते. परंतु त्या ट्रकचा पेलोड ६८० किलो असेल, जे अशा आलिशान गाड्यांत अगदी सामान्य आहे, तर चित्र उलटते. हिचवरचा भार एकूण वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ४३३ किलो. हिचचे लोखंड ३०. चार माणसे ३२०. हौद्यातले सामान ८०. बेरीज ८६३ किलो. ओढण्याची मर्यादा दूर असतानाच पेलण्याची मर्यादा १८३ किलोंनी ओलांडली गेली. ‘जे २८०७’ च्या चाचण्यांत ट्रकमध्ये चालक आणि एक सोबती, तेही प्रत्येकी ६८ किलोंचे, एवढेच धरलेले असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या तफावतीचे नवल वाटत नाही.

अशा हिशेबात अंदाजावर विसंबून राहू नये. अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या ट्रक-थांब्यांवर वजनकाटे असतात. आयोवा राज्यातल्या वॉलकॉट येथील ‘कॅट स्केल’ या कंपनीचे काटे १९७७ पासून चालू आहेत आणि त्यांवर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांचे वजन एकाच वेळी वेगवेगळे मिळते. बोट पाण्यावर नेताना जशी भरलेली असते तशीच भरून, माणसे गाडीत बसवून एकदा, आणि ट्रेलर सोडून पुन्हा एकदा वजन केले की हिचवरचा भारही त्यातून काढता येतो.

हिचवर उभ्या येणाऱ्या या भाराला ‘टंग वेट’ म्हणतात. सर्वसाधारण ट्रेलरसाठी तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. बोटींच्या ट्रेलरवर तो पुष्कळदा याहून कमी ठेवला जातो, कारण जड इंजिने अगदी मागच्या टोकाला असतात. तो फारच कमी असला तर काय होते, हे बैलगाडी पाहिलेल्यांना सांगावे लागणार नाही : माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत धोका याहून गंभीर असतो. वजनाचा मध्य चाकांच्या मागे गेला की वाऱ्याचा झोत किंवा शेजारून जाणारा मोठा ट्रक एवढ्याशा निमित्ताने ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो आणि अखेरीस तो ट्रकलाही फिरवून टाकतो. झोके सुरू झाले तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि ट्रकचा ब्रेक दाबू नये. ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावण्याची सोय असेल तर ते हळुवार लावावेत.

बोटीच्या ट्रेलरवर हा भार दुरुस्त करण्याची एक चांगली सोय असते. बोटीचे नाक ज्याला टेकते आणि ज्यावर तिला ओढून घेणारी विंच बसवलेली असते, तो खांब ट्रेलरच्या दांड्यावर बोल्टांनी आवळलेला असतो. बोल्ट सैल करून तो थोडा पुढे सरकवला आणि बोट त्याला भिडवली की सगळे वजन तेवढे पुढे येते, आणि काही सेंटिमीटरांचा हा फरकही हिचवर जाणवण्याइतका पडतो. मात्र बोटीच्या मागच्या टोकाखाली ट्रेलरचा आधार उरला पाहिजे, नाही तर सांगाड्याला बाक येतो.

टंग वेटचा परिणाम तो जेवढा दिसतो तेवढ्यावर थांबत नाही. हिचचा गोळा, ज्यावर ट्रेलरचा कपलर म्हणजे टोकाची वाटी बसते, तो मागच्या आसाच्या बराच मागे असतो. पुढच्या-मागच्या आसांत चार मीटर अंतर आणि गोळा मागच्या आसापासून १.३ मीटर मागे असे धरले, तर गोळ्यावर ४३३ किलो पडले असता मागच्या आसावर सुमारे ५७५ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून सुमारे १४० किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी होतात, सुकाणू सैल लागते, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. यावर उपाय म्हणून ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’ वापरतात, ज्यात दोन लवचीक पोलादी दांडे ताणून हा भार काही प्रमाणात पुन्हा पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलला जातो. परंतु एकाच सरळ दांड्याचे पुष्कळ बोट-ट्रेलर आणि आत सरकणाऱ्या कपलरवर चालणारे ब्रेक यांच्याशी हा हिच सहजी जुळत नाही, म्हणून ट्रेलर बनवणाऱ्याची लेखी संमती असल्याशिवाय तो लावू नये. स्प्रिंगांमध्ये हवेच्या पिशव्या बसवल्या की ट्रकची क्षमता वाढते, हा समज मात्र निखालस चुकीचा आहे. त्यामुळे ट्रक मागे बसलेला दिसत नाही इतकेच, आस, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडाही तोच राहतो.

अमेरिकी ट्रकांचे अर्धा टनी, पाऊण टनी आणि एक टनी असे वर्ग जुन्या काळच्या वहनक्षमतेवरून पडले असून आज ती केवळ नावे उरली आहेत. फोर्डचा एफ-१५०, शेव्हरोलेचा सिल्व्हराडो १५०० आणि रॅम १५०० हे अर्धा टनी. २५० किंवा २५०० हे पाऊण टनी. ३५० किंवा ३५०० हे एक टनी. वर मांडलेल्या बोटीसाठी अर्धा टनी ट्रक कुटुंबासह अपुरा पडतो, हे स्पष्ट झाले. पाऊण टनी ट्रकाबाबत एक बारकावा आहे. यांपैकी पुष्कळ गाड्यांचे भरल्या वजनाचे कमाल प्रमाण १०,००० पौंडांना, म्हणजे ४,५३६ किलोंना बांधलेले असते, आणि डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असल्यामुळे तेवढा पेलोड इंजिनच खाऊन टाकते. परिणामी, अधिक ओढणारे महागडे डिझेल घेतलेला ट्रक साध्या पेट्रोल ट्रकापेक्षा कमी पेलतो. त्याच इंजिनाचा एक टनी ट्रक दिसायला जवळजवळ तसाच असून त्याचे भरल्या वजनाचे प्रमाण मोठे असते. किमतीतला फरक तुलनेने थोडा असल्याने चार टनांवरच्या बोटीसाठी डिझेल घ्यायचे तर एक टनीच घ्यावा, हे मत ठामपणे मांडण्यासारखे आहे. मागे चार चाकांचा ‘ड्युअली’ सहा-सात टनांच्या पुढेच खरा उपयोगी पडतो.

इंजिनाच्या आकड्यांत वाहून जाण्याचे कारण नाही. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलची अधिक ताकदीची आवृत्ती २०२३ पासून ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,६२७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. हे भरपूर झाले, गरजेपेक्षाही अधिक. डिझेलचा खरा लाभ उतारावर मिळतो. आठ टनांची जोडी ताशी १०५ किलोमीटरवरून एकदा थांबवताना ब्रेकांना जेवढी ऊर्जा पचवावी लागते, तिच्या सुमारे सातपट ऊर्जा तीच जोडी ३०० मीटर खाली उतरताना मोकळी होते. थोडा भाग हवा आणि टायर शोषतात. उरलेला सगळा ब्रेकांवर टाकला तर ते तापून निकामी होतात. डिझेलमधला एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अडवून इंजिनालाच रोधक बनवतो आणि चालकाचा पाय ब्रेकवर न जाता वेग आवरला जातो. पेट्रोल ट्रकातही खालचा गिअर लावून बरेच साधते, पण लांब घाटांचा प्रदेश असेल तर डिझेलचा जास्तीचा खर्च येथे वसूल होतो. डिफरन्शियलचे प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा, ३.५५ पेक्षा ३.७३ किंवा ४.१० असणे जड ओझ्याला अनुकूल असते.

ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकांची निवड बोटीच्या बाबतीत वेगळीच ठरते, कारण ते वारंवार पाण्यात बुडतात. इतर ट्रेलरांवर सर्रास असणारे विजेचे ब्रेक खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. म्हणून बोटींसाठी ‘सर्ज ब्रेक’ रूढ आहेत : ट्रकने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलर आत सरकतो आणि त्या दाबाने ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलले जाते. रचना साधी आणि टिकाऊ, पण तिच्यात तीन उणिवा आहेत. चढावर मागे जाताना तोच रेटा निर्माण होऊन ब्रेक लागतात, म्हणून मागचा गिअर पडताच तेलाची वाट बंद करणारा विजेचा झडप-संच आणि त्यासाठी जोडणीत एक जादा, पाचवी तार लागते. लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहिल्याने ब्रेक अखंड घासत राहतात. आणि झोके सुरू झाल्यावर चालकाला ते हाताने लावता येत नाहीत. ट्रकमधल्या नियंत्रकाच्या इशाऱ्यावर विजेच्या पंपाने तेलाचा दाब निर्माण करणारी पद्धत महाग असली तरी या तिन्ही अडचणी दूर करते. साडेचार टनांच्या आसपासच्या बोटीला ती असावीच. मात्र ट्रकच्या मेनूत त्या प्रकारच्या ब्रेकची नोंद करावी लागते, अन्यथा पंप नीट प्रतिसाद देत नाही.

जोडणीच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. हिचचा गोळा कपलरवर कोरलेल्या मापाचाच हवा. जड ट्रेलरना तो बहुधा २ ५/१६ इंचांचा असतो आणि त्या मापाच्या कपलरमध्ये २ इंचांचा गोळा वरवर बसल्यासारखा वाटला तरी खड्ड्यात निसटतो. ट्रेलर जमिनीला समांतर राहील अशी गोळ्याची उंची ठेवावी, सुरक्षा-साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, आणि बाहेर ओढता येणारे रुंद आरसे घ्यावेत, कारण या बोटी बहुधा साडेआठ फूट रुंद असतात. ही रुंदीही योगायोगाने आलेली नाही : बहुतेक राज्यांत विशेष परवान्याविना रस्त्यावर चालणारी ती कमाल रुंदी आहे.

चाकांच्या बेअरिंगांकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण बोट-ट्रेलर रस्त्यात बंद पडण्यामागे बहुधा तीच असतात. तासभर धावून हब तापलेले असतात; ते लगेच थंड पाण्यात गेले की आतली हवा एकदम आकसते आणि रबरी सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. पाण्याने ग्रीस पातळ होते, गंज चढतो आणि काही आठवड्यांनी भर रस्त्यात बेअरिंग जळते. रॅम्पवर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबणे, हबला हात लावून पाहणे आणि हंगामाआधी ग्रीस बदलणे एवढ्याने हे टळते. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारे होतात. त्यांच्या नक्षीपेक्षा उत्पादनाचे वर्ष पाहावे.

रॅम्पचा उतार साधारणपणे १२ ते १५ टक्के ठेवला जातो. पंधरा टक्क्यांवर आठ टनांची जोडी वर खेचायला सुमारे १,२०० किलोंचा जोर लागतो. हा जोर फक्त मागच्या दोन चाकांनी लावायचा तर रस्त्याची पकड कोरड्या काँक्रीटच्या जवळपास हवी. चारही चाके फिरत असतील तर निम्मी पकड पुरते. शेवाळलेल्या रॅम्पवर हाच फरक बोट वर येणे आणि ट्रक घसरत पाण्यात जाणे यांतला फरक ठरतो, म्हणून क्वचितच बर्फ पाहणाऱ्या फ्लोरिडातही जड बोटीसाठी चारही चाकांची चालना घ्यावी.

विजेवर चालणाऱ्या पिकअपांत जोर पुरेसा आहे आणि रॅम्पवर ते उत्तम वागतात, परंतु जड ट्रेलर मागे असता त्यांचा एका चार्जचा पल्ला जवळजवळ निम्मा होतो, म्हणून जवळच्या तळ्यापलीकडे आज त्यांची शिफारस करता येत नाही.

ज्या कुटुंबाची जड बोट वर्षातून दोनदाच, हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला, रस्त्यावर येते, त्याने तिच्यासाठी एक टनी डिझेल ट्रक घेऊ नये. बोट बंदरात ठेवावी आणि ती दोन खेपांपुरती व्यावसायिक वाहतूकदाराकडे सोपवावी. जे दर आठवड्याला ती ओढणार आहेत त्यांनी ट्रकच्या दुकानात जाण्यापूर्वी बोट भरून वजनकाट्यावर न्यावी, आणि दुकानात गेल्यावर इंजिनाचे झाकण उघडण्याआधी चालकाचे दार उघडून स्टिकर वाचावे.